झोपलेल्या सेनापतीच्या पापण्या

१२ जानेवारी

प्रिय चिंगे,

सेनापतींचे डोळे उघडे आहेत. काल खात्री झाली, आणि ती केली हाडांच्या दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्याने.

आमच्या संग्रहालयाकडे असलं यंत्र कुठलं असायला! म्हणून रविवारी, दवाखाना बंद असताना, मी आणि पहारेकरीकाका सेनापतींचं चित्र चादरीत गुंडाळून तिकडे घेऊन गेलो. एक्स-रेवाल्याने सवयीने विचारलं, "पेशंटचं वय?" काका म्हणाले, "दोनशेच्या पुढे. तक्रार झोपेची." मी चादर बाजूला केली तर तो माणूस ओरडलाच, "अहो, हा तर तो!" त्याच्या फोनमध्ये तू बनवलेली सहा-सात मीम निघाली. मी त्याला म्हटलं नाही की ही माझ्या भाचीची करणी आहे. काका मात्र मिशीत हसत होते.

तेव्हा पांढऱ्या रंगात शिसं घालायचे. एक्स-रेमध्ये ते हाडासारखं उजळतं. फिल्म दिव्यावर लावली आणि मिटलेल्या पापण्यांच्या जागी दोन डोळे वर आले, टक्क उघडे, सरळ आमच्याकडे बघणारे. पापण्या मूळच्या नाहीतच, नंतर कोणीतरी रंगवल्यात. एक्स-रेवाला हळूच म्हणाला, "बाई, हे जागे आहेत." त्यानंतर आम्ही तिघंही कुजबुजतच बोललो. का, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

आता पंचाईत बघ. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचं दालन बंद करायचा हुकूम निघाला होता. दिवसाला चार माणसं यायची, त्यातली दोन पाऊस चुकवायला. मग तुझी ती मीम पसरली आणि लोक झोपलेला सेनापती बघायला जिन्यापर्यंत रांग लावायला लागले. हुकूम निवडणुकीपर्यंत मागे पडला. त्यांना जागा सेनापती दाखवला तर ते परत येतील का? आणि दुसरीकडे, मूळ चित्रकाराचं नसेल ते काढून टाकायचं हेच तर मी आयुष्यभर करत आलेय. एक मात्र आहे, काढलेलं परत लावता येत नाही.

तूर्त कोणाला बोलू नकोस. तुझ्या त्या पानावर तर नाहीच नाही.

तू पाठवलेलं छापील मीम मिळालं. सेनापतींच्या डोक्यावर ती हिरवी पट्टी कसली? मला वाटलं छपाईत रंग फुटलाय.

तुझी,
मावशी


२० जानेवारी

मावशे,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात बसून. टेस्टिंगवाल्या सगळ्या विचारायला लागल्या, पत्र कोणाचं, प्रियकराचं का? म्हटलं, मावशीचं, आणि त्यात एक दोनशे वर्षांचा पुरुष आहे.

आधी तुझी शंका. हिरवी पट्टी म्हणजे जीव. व्हिडिओ गेमच्या शेवटी जो महाबलाढ्य शत्रू येतो त्याच्या डोक्यावर ती असते आणि मार बसेल तशी कमी होत जाते. सेनापतींची भरगच्च आहे, कारण त्यांना अजून कोणी उठवलेलंच नाही. खालची ओळ अशी: "इतिहासातली सर्वात मोठी लढाई. सेनापती म्हणाले, अजून पाचच मिनिटं." हसू आलं नाही तर सोडून दे. विनोद समजावून सांगणं म्हणजे फुगा फोडून आतली हवा दाखवणं.

या आठवड्यात गाजलेलं दुसरं आहे. सिनेमागृह रिकामं झालंय, पडद्यावर नावं सरकतायत, सेनापती खुर्चीत तसेच. झाडूवाला म्हणतोय, "साहेब, पुढच्या भागाची झलक येऊन गेली." आणि शेजारच्या खुर्चीत कोण? आपल्या देशाचे अध्यक्ष! सगळे मला विचारतात तू कुठल्या पक्षाची. मी खेळाच्या पक्षाची. पण भर सभागृहात, स्वतःच्याच अंदाजपत्रकावर माणसाला डुलकी लागते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो, तेव्हा मी करायचं काय? मीम आयतं तयार होऊन आलं. मी फक्त शेजारची जागा भरली.

डोळे उघडू नकोस, मावशे. उघड्या डोळ्यांचे सेनापती प्रत्येक गावात घोड्यावर बसलेत, त्यांच्याकडे कबुतरंसुद्धा बघत नाहीत. हा एकच झोपलेला आहे. म्हणून तो आमचा आहे. रात्रभर गेम खेळून सकाळी कामावर जाणाऱ्यांचा, वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांचा. तुझं दालनही त्याच्यामुळेच उघडं आहे ना?

परवा स्वप्न पडलं. माझं काम तर तुला ठाऊकच आहे, खेळातल्या प्रत्येक भिंतीला धडक मारून बघायची, कुठली भिंत खोटी आहे ते शोधायचं. स्वप्नात एका भिंतीतून मी आरपार गेले तर पलीकडे तुमचं दालन. चित्राची चौकट रिकामी, आणि सेनापती अनवाणी, हळूहळू खिडकीशी चाललेत. डोळे मिटलेलेच. मी वाटेतली खुर्ची सरकवली, त्यांना ठेच लागू नये म्हणून.

गुपित सांभाळलंय. एका शब्दाने कोणाला सांगितलेलं नाही.

तुझी,
चिंगी


२७ जानेवारी

चिंगे,

एका शब्दाने सांगितलं नाहीस हे खरं. चित्राने सांगितलंस.

काकांनी फोन माझ्या नाकाशी धरला. सेनापतींचा एक डोळा किलकिला, आणि खाली, "दुसरा टप्पा लवकरच." मला अर्थ कळला नाही, काकांनीच सांगितला. खेळात शत्रू पडला असं वाटतं आणि तो नव्या ताकदीने उठतो, तो दुसरा टप्पा. म्हणजे आता काका मला शिकवतात. त्याखाली हजारो लोक हसलेत, आणि त्यांच्यात आपल्या एक्स-रेवाल्याने स्वतःच्या नावानिशी लिहिलंय, "खरं आहे. मी स्वतः पाहिलंय." शिव्या कोणाला घालू, सांग.

शुक्रवारी अध्यक्षांच्या कचेरीतून माणूस आला. बूट इतके चकचकीत की दालनाचं छत त्यात दिसत होतं. आमच्या प्रमुखांना म्हणाला, "असं ऐकतो की हे जागे होऊ शकतात." मग सगळं ठरवूनच टाकलं. मतदानाच्या आधी, नऊ फेब्रुवारीला, चित्र पडद्याआड असेल, अध्यक्ष स्वतः दोरी ओढतील, आणि सेनापती देशाकडे डोळे उघडून बघतील. वर "जागे आहोत" असा फलक. मी नाही म्हटलं तर बाहेरचा कोणी आणतील, तो चार दिवसांत खरवडून देईल. प्रमुख नाही म्हणाले तर दालनाला कुलूप.

आज अध्यक्षांच्या विरोधातला मोर्चा आमच्या रस्त्यावरून गेला. लोकांनी सेनापतींचे कागदी मुखवटे घातले होते. घोषणा नव्हत्या. सगळा रस्ता भरून तोच मिटलेला चेहरा सावकाश पुढे सरकत होता, जणू अख्खं गाव झोपेत चालायला लागलंय. मी खिडकीत कापसाचा बोळा हातात धरून उभी होते. हे सगळं माझ्या भाचीने केलंय असं वाटलं. अभिमान वाटला की भीती, ते अजून ठरत नाही.

मावशी


३० जानेवारी

मावशे,

चुकले.

आमच्याकडे काही सापडलं की संध्याकाळच्या आत कळवायचं, हाच नियम. लपवून ठेवलं तर नोकरी जाते. सापडलेली गोष्ट पोटात ठेवायची सवयच मोडलीय माझी. आणि खरं सांगू? मला वाटलं, विनोदात सांगितलेलं कोणी खरं धरत नाही. आजवर मी तिथे कितीतरी खरं बोलून गेलेय, कोणीच धरलं नव्हतं.

पान बंद करते. तू सांग, आजच करते. नाहीतर असं लिहिते की एक्स-रे खोटा, मीच संगणकावर बनवलेला. माझं नाव खराब झालं तरी चालेल, तसंही तिथे नाव नाहीच आहे माझं.

आई गेल्यावर तुझ्याकडे राहिले होते, ते दिवस आठवतायत? तू कामाला जाताना मला बरोबर न्यायचीस, कारण घरी एकटी ठेवायची नव्हतीस. मी दालनात बाकावर बसायचे. कोणी यायचं नाही. समोर हे सेनापती. आपल्यासारखंच यांनाही काही बघायचं नाहीये, असं वाटायचं. एक दिवस मी फोटो काढला आणि त्याखाली लिहिलं, "खेळ थांबवला आहे. पुढे चालू ठेवायचा?" आणि एकटीच हसले. कितीतरी दिवसांनी. तू आतून, शिडीवरून विचारलंस, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही. फोटो काढायला बंदी होती आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस.

ते पहिलं मीम. अजून कोणाला दाखवलेलं नाही.

आता तेच डोळे माझ्यामुळे खरवडले जाणार. काय करू सांग ना.

चिंगी


४ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

पान बंद करायचं नाही. खोटंही लिहायचं नाही. आधी हे वाच.

मी काम सुरू केलं. दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यापेक्षा माझ्या हाती बरं, एवढाच विचार होता. आम्ही एकदम सगळं पुसत नाही. नखाएवढी जागा घेतो, तेवढ्यातच बघतो. पापण्यांवर पिवळं पडलेलं वॉर्निश होतं, ते आधी काढलं. म्हटलं, खालचा रंग कसा लावलाय तो तरी कळेल. ब्रशचे फराटे शोधत होते. ते नव्हतेच.

तिथे रेषा होत्या. बारीक, वळणावळणाच्या. भिंगाखाली धरलं आणि हात थांबला. बोटाचे ठसे, चिंगे. या पापण्या कोणी ब्रशने रंगवलेल्याच नाहीत. एका पापणीवर अंगठा आहे, दुसरीवर तर्जनी. एकाच हाताची, एकाच वेळी, वरून खाली ओढलेली. रंगही चित्रकाराचा नाही, दाराखिडक्यांना लावायचा साधा. हात डावा आहे आणि लहानखुरा. उजव्या हातात काय असेल, तेही बहुतेक कळलं. चौकटीच्या खालच्या कडेवर मेणाचा एक थेंब आहे. इतकी वर्षं मी त्याला कोणाचा तरी निष्काळजीपणा समजत होते. मेणबत्ती धरली असणार.

पापण्यांच्या खाली काजळीचा थर आहे. म्हणजे सेनापती बरीच वर्षं त्या घरात उघड्या डोळ्यांनी भिंतीवर होते. मग एक दिवस कोणीतरी आलं, बोटं रंगात बुडवली आणि त्यांचे डोळे मिटले. आपल्याकडे नोंद एवढीच आहे की ते शेवटच्या लढाईवरून परत आले नाहीत. मृतदेहही नाही. कोण असेल ते? बायको, मुलगी, आई. कळणार नाही. पण ती हालचाल मला ओळखता आली. एक्स-रेची गरज पडली नाही.

ताईचे डोळे मी असेच मिटले होते. तू गाडीत होतीस, अजून अर्ध्या वाटेवर. तू आलीस तेव्हा विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. मग फोनवर आपण दोघी नुसत्याच गप्प राहायला लागलो, म्हणून ही पत्रं सुरू झाली. तर आता सांगते. सकाळ होती, खिडकी उघडी होती, ताईला त्रास झाला नाही. डोळे थोडे उघडे राहिले होते. मी अंगठा आणि बोट ठेवलं. हलकंच ओढावं लागतं. त्या बाईने, ती बाईच असेल असं मी धरून चाललेय, समोर डोळे मिटायला माणूस नव्हता म्हणून चित्राचे मिटले.

तू मनाला लावून घेशील ते मला इथून दिसतंय. की आपण मेलेल्या माणसाचं झोपाळू म्हणून देशभर हसं केलं. चुकीचं वाचलंस हे खरं. मीही वाचलं, आणि मी तर रोज त्याच्यासमोर शिडी लावत होते. पण त्या बाकावर बसून तू जे पहिलं वाचलंस, काही न बघायची इच्छा, ते फारसं चुकीचं नव्हतं.

मी या पापण्या काढणार नाही. त्या चित्रकाराच्या नसतील, पण चित्राच्या आहेत.

मावशी


६ फेब्रुवारी

मावशे,

पत्र वाचून कामावरून उठून आले. बराच वेळ नळाखाली हात धरून उभी होते.

थँक यू, सांगितलंस म्हणून. खिडकी उघडी होती, हे चांगलं झालं.

काल पानावर काहीच टाकलं नाही. लोकांनी विचारलं, "ॲडमिन झोपला काय?" पूर्वी हसले असते. आता वाटतं, अध्यक्ष तरी अंदाजपत्रकाच्या आदल्या रात्री का जागे राहिले असतील? मी एकदाही विचार केला नव्हता. त्यांना माफ केलं असं नाही हं. अंदाजपत्रक वाईटच होतं. पण विचार केला नव्हता.

रजा टाकलीय. रविवारी रात्रीच्या गाडीने निघते, सोमवारी सकाळी तुझ्याकडे. पापण्या काढणार नाहीस म्हणतेस, आणि अध्यक्ष तर दोरी ओढायला येणार. तुझं काय होईल? दालनाचं काय होईल? आणि प्रमुखांना सांगितलंस का?

एक मागणं आहे. ठशांचा फोटो काढू देशील? या वेळी परवानगी घेऊन.

चिंगी


८ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

हे पत्र टपालात टाकत नाही, काकांकडे ठेवतेय. उद्या तू येशील तेव्हा मी वर गडबडीत असेन आणि चकचकीत बुटांच्या देखत आपल्याला बोलता येणार नाही.

प्रमुखांना सांगितलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग रुमाल काढून भिंगच पुसलं, जणू दोष त्याचा होता. म्हणाले, "कचेरीतून विचारतात, काम झालं का?" मी म्हटलं, झालंय. वॉर्निश निघालं, चित्र स्वच्छ आहे. म्हणाले, "मग तसंच कळवतो. झालंय." दाराशी जाऊन परत आले आणि पडद्याची दोरी स्वतः ओढून बघितली, कुठे अडकत नाही ना.

एक्स-रेवाल्याने दवाखान्यातली दिव्याची पेटी आणून दिली, हाडं बघायची. म्हणाला, माझ्या तोंडामुळे झालंय, एवढं तरी करू द्या. ती चित्राशेजारी लावलीय. फिल्ममध्ये उघडे डोळे, चित्रात मिटलेले. दोन्ही खरे. मधल्या पाटीवर मी चारच ओळी लिहिल्यात, ठसे कुठे आहेत ते सांगणाऱ्या. "बहुधा" हा शब्द दोनदा आलाय, तो काढायला मी तयार नाही.

फोटो काढ. तिरका प्रकाश लागेल, उजवीकडच्या खिडकीतून सकाळी येतो. खाली काय लिहायचं ते तुझं तू ठरव. विनोद केलास तरी माझी हरकत नाही. त्या घरातही कोणीतरी कधीतरी हसलंच असेल.

पुढचं मला दिसतं ते असं. अकरा वाजता अध्यक्ष दोरी ओढतील. फलकावर "जागे आहोत" आणि खाली सेनापती डोळे मिटून. हशा पिकेल, तो थांबवायला कोणी जाऊ नये. अध्यक्ष रागावतील, नाहीतर हसतील, ते त्यांचं त्यांनी बघावं. दुपारपर्यंत दालनाला कुलूप लागेल, किंवा लागणार नाही. माझ्या कपाटाच्या किल्ल्या मी काकांकडे देऊन ठेवल्यात, म्हणजे कोणी मागितल्या तर शोधाशोध नको.

पण त्याच्या आधी, हशा ओसरता ओसरता, कोणीतरी पाटी वाचेल. चित्राच्या जवळ येईल. आणि डावा हात वर करून, अंगठा आणि बोट फाकवून, हवेतच मापून बघेल. मग शेजारचा बघेल. मी मागच्या भिंतीशी उभी असेन. तू बाकावर बस, तुझ्या नेहमीच्या जागेवर.

मावशी